नांगराचा बैल, शर्यतीचा बैल आणि १९७२ ची शेवरोले

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. कारण दारात उभं आहे. लांबी सतरा फुटांच्या वर, रंग एकेकाळी हिरवा असावा, आणि वय माझ्यापेक्षा दोन वर्षांनी जास्त. १९७२ ची शेवरोले सी-१० पिकअप.

आपल्याकडे पिकअप म्हटलं की मार्केट यार्ड आठवतं, कोबीची पोती आठवतात. २००५ मध्ये टाटा एस आली आणि लोकांनी तिचं 'छोटा हत्ती' असं बारसं केलं, तेवढाच काय तो आपला या प्रकाराशी जिव्हाळा. अमेरिकेत तसं नाही. इथे पिकअप शेतकऱ्याची आहे, सुताराची आहे, आणि आयुष्यात कधी फावडं हातात न धरलेल्या वकिलाचीही आहे. माझ्यासारखा कीबोर्ड बडवणारा माणूसही वीस वर्षं इथे राहिल्यावर एक दिवस त्या नादाला लागतो. अॅरिझोनात तर जास्तच, कारण इथल्या कोरड्या हवेत जुनं लोखंड गंजत नाही.

तर झालं असं. आम्ही एक जुना ट्रेलर घेतला, म्हणजे मागे जोडून न्यायची खोली: दोन पलंग, एक शेगडी, सामानासकट वजन ४,५०० पाउंड, आपल्या हिशेबात दोन हजार किलो. तो ओढायला ट्रक हवा. आणि ट्रक घ्यायचाच तर तो जरा पळणाराही हवा, ही माझी हौस. शेजारी एक गृहस्थ राहतात, पंचाहत्तरी ओलांडलेली, हयात ट्रक दुरुस्त करण्यात गेलेली. ही शेवरोले त्यांच्याच ओळखीत मिळाली. पहिल्याच दिवशी बॉनेट उघडून त्यांनी विचारलं, "हा ट्रक ओढणार आहे की पळणार आहे?"

मी म्हटलं, "दोन्ही."

ते हसले. म्हणाले, "मोठमोठ्या कंपन्यांना पन्नास वर्षं हे नीट जमलं नाही, आणि तू गराजमध्ये करणार?"

मला आमचे आजोबा आठवले. आटपाडीकडचे. त्या भागात खिल्लार बैलांचं केवढं कौतुक! आजोबांकडे नांगराची एक जोडी होती आणि एक शर्यतीचा खोंड. त्या खोंडाला कधी नांगराला जुंपलेलं मी पाहिलं नाही. लहानपणी मी विचारलं होतं, की हा एवढा ताकदवान, मग नांगर का नाही ओढत? आजोबा म्हणाले, "त्याची ताकद येगळी हाय." एवढंच. पुढे इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवली, टॉर्क आणि पॉवर यांची सूत्रं पाठ केली, पण आजोबांचं ते वाक्य खरं समजलं ते या ट्रकखाली पाठीवर पडून.

आता थोडा इतिहास. (कंटाळा येणार असेल तर चहा ठेवा.)

फोर्डने १५ एप्रिल १९२५ ला कारखान्यातूनच मागे हौदा बसवलेली मॉडेल टी विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. त्याआधी लोक गाडी घ्यायचे, मागचा भाग कापायचे आणि लोहाराकडून किंवा सुताराकडून हौदा बसवून घ्यायचे. म्हणजे पिकअप मुळात 'घरी बनवलेली' वस्तू आहे, कंपनी नंतर आली. त्या मॉडेल टीचं इंजिन २० हॉर्सपॉवरचं. आजच्या साध्या बुलेटएवढं. पण पळण्याची अपेक्षाच कोणाची नव्हती. शेतातून गावात आणि गावातून शेतात.

पळण्याचं वेड युद्धानंतरचं. १९५५ मध्ये शेवरोलेने आपलं छोटं व्ही-८ इंजिन आणलं आणि ते मोटारींबरोबर पिकअपमध्येही बसवलं. इथून दोन जाती एकाच गोठ्यात बांधल्या जाऊ लागल्या. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला सुरुवात झाली, लोक सुट्टीला लांब जाऊ लागले, मागे ट्रेलर लावून. शंभर मैल जायचं तर ताशी ३५ मैलांनी जाऊन कसं चालेल? ओढायचंही आणि पळायचंही, ही मागणी मुळात तिथली, माझी एकट्याची नाही. (हे बायकोला वाचून दाखवणार आहे.)

कंपन्यांनी काय केलं ते मजेशीर आहे. १९६४ मध्ये डॉजने आपल्या साध्या डी-१०० पिकअपमध्ये ४२६ घन इंचांचं, ३६५ हॉर्सपॉवरचं इंजिन देऊ केलं. फारसं कुणी घेतलं नाही. १९६८ पासून शेवरोलेच्या पिकअपमध्ये ३९६ चं इंजिन मिळू लागलं. ज्या इंजिनाच्या नावावर शेव्हेल मोटारीवर पोरं जीव टाकत होती, तेच. पण ट्रकमध्ये ते घेणारे बहुतेक पाठीवर कॅम्पर घेऊन डोंगरात जाणारे बाबा लोक होते. एकच इंजिन, एका घरी सिग्नलला शर्यत लावायला, दुसऱ्या घरी आजी-आजोबांना ग्रँड कॅन्यन दाखवायला.

आणि उलटंही झालं. हे मला माहीत नव्हतं, शेजाऱ्यांनी ट्रकखाली नेऊन दाखवलं. १९६० ते १९७२ च्या शेवरोले पिकअपला मागे पाटे नसायचे. गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि दोन लांबलचक लोखंडी भुजा, ज्या चासीच्या मध्याजवळ येऊन मिळतात. शेतकऱ्याला हिसके कमी बसावेत म्हणून केलेली ही रचना. नॅस्कारच्या शर्यतवाल्यांनी ती उचलली आणि त्यांच्या वरच्या वर्गातल्या गाड्या २०२१ च्या मोसमापर्यंत त्याच धर्तीच्या भुजांवर धावल्या. ताशी दोनशे मैलांच्या मोटारीच्या पोटात गवताच्या पेंढ्या वाहणाऱ्या ट्रकची हाडं! त्यांना शेवटपर्यंत नावही तेच होतं: ट्रक आर्म.

म्हणून मला वाटलं होतं की माझ्या ट्रकच्या रक्तातच दोन्ही आहे. इंजिन बदललं की झालं. असो, तिकडे येतोच.

१९७० च्या दशकात सगळ्यांचीच हवा गेली. प्रदूषणाचे नियम, १९७३ चं तेलसंकट, १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा. पण कायद्यात एक फट होती. १९७५ पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, तो मालासकट ६,००० पाउंडांच्या आतल्या गाड्यांना. फोर्डने त्याच वर्षी एफ-१५० काढली, मुद्दाम त्या रेषेच्या जराशी वर. आज जगभर माहीत असलेलं हे नाव एका पळवाटेतून जन्माला आलं! डॉजने तर कमाल केली. १९७८ मध्ये 'लिल रेड एक्स्प्रेस' नावाचा लालभडक ट्रक, केबिनच्या मागे दोन उभी चकचकीत धुराडी, हौद्याला लाकडी पट्ट्या. त्या वर्षी कन्व्हर्टर नाही. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने चाचणी घेतली, तर शून्यापासून शंभर मैलांचा वेग गाठण्यात हा ट्रक अमेरिकी गाड्यांमध्ये पहिला आला. कॉर्व्हेटच्या पुढे एक ट्रक! गावाच्या शर्यतीत नांगराची जोडी पहिली यावी तसं. फक्त इथे शर्यतीच्या बैलांना त्या वर्षी मुसकं बांधलेलं होतं.

पुढे दोन वाटा सरळ फुटल्या. एका वाटेवर १९८९ ची डॉज, कमिन्सच्या ५.९ लिटर डिझेलची. हे इंजिन खरं तर शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांसाठी बनवलेलं. हॉर्सपॉवर फक्त १६०, पण टॉर्क ४०० फूट-पाउंड, तोही इंजिन सावकाश फिरत असताना. कोथरूडकरांना कमिन्स हे नाव सांगायला नको, किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना १९६२ पासूनचा. याच बी मालिकेची इंजिनं पुढे जमशेदपूरला बनून टाटांच्या ट्रकांत बसली, म्हणजे घाटात आपल्या पुढे रांगणारा तो ट्रक आणि टेक्सासमधला घोड्यांचा ट्रेलर ओढणारा हा ट्रक हे नात्यातले.

दुसऱ्या वाटेवर १९९१ ची जीएमसी सायक्लोन. छोटी काळी पिकअप, सहा सिलिंडर, टर्बो, २८० हॉर्सपॉवर. त्याच 'कार अँड ड्रायव्हर'ने तिला फेरारी ३४८ शेजारी उभं केलं आणि पाव मैलात ती फेरारीच्या पुढे गेली. आता गंमत ऐका. या ट्रकच्या मालकाला दिलेली सूचना अशी की हौद्यात ५०० पाउंडांपेक्षा जास्त भरू नये. म्हणजे सव्वादोनशे किलो. सिमेंटची साडेचार पोती! ट्रेलर तर लांबच राहिला. आजोबांचा शर्यतीचा खोंड, दुसरं काय.

फोर्डची १९९३ ची लाइटनिंग मला या सगळ्यांत प्रामाणिक वाटते. २४० हॉर्सपॉवर, फार पराक्रम नाही, पण ५,००० पाउंडांचा ट्रेलर ओढायची मुभा. तिच्यावर कविता कोणी करत नाही. आणि आज? २०२३ च्या फोर्डच्या मोठ्या ट्रकमधलं वरचं डिझेल इंजिन ५०० हॉर्सपॉवर आणि १,२०० फूट-पाउंड देतं. म्हणजे भांडण मिटलं म्हणायचं. पण त्या ट्रकच्या किमतीत आमच्या गावाकडे शेत येईल, आणि बॉनेट उघडलं तर मला त्यातलं एक टोपणही ओळखता येत नाही.

आता माझा पराक्रम.

भंगारात निघालेल्या २००४ च्या सिल्व्हराडोमधून सहा लिटरचं इंजिन आणलं, लोखंडी ब्लॉकचं. इथली जुनी पिकअप बांधणारी निम्मी पोरं हेच करतात, कारण स्वस्त, दणकट आणि जुन्या चासीत सहज बसतं. सोबत त्याच जातीच्या मोठ्या ट्रकचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इथपर्यंत शहाणपण. मग मी कॅमशाफ्ट बदलला, जास्त उचल देणारा घातला, कारण आवाज छान येतो. मागचा पुढचा भाग चार इंच खाली बसवला, कारण दिसतो छान. वीस इंची चाकं घातली, का ते विचारू नका. शेजारी येऊन बघायचे, मान हलवायचे, जायचे. एकदा फक्त म्हणाले, "ब्रेक?" मी म्हटलं, "पुढे डिस्क आहेत की." होत्याच. १९७१ पासून शेवरोलेने पिकअपला पुढे डिस्क द्यायला सुरुवात केली होती. पण त्या १९७२ च्या वजनासाठी, १९७२ च्या वेगासाठी. आतलं तेल किती जुनं होतं देव जाणे.

रिकामा ट्रक पळाला, बेफाम पळाला. मी आठवडाभर हवेत होतो.

मग जूनमध्ये फ्लॅगस्टाफ. जाताना चढावर कळायला लागलं की काहीतरी चुकलंय. त्या कॅमशाफ्टने इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांत नेऊन ठेवली होती. सिग्नलवरून ट्रेलर हलवताना इंजिन नुसतं रडायचं. मागे ट्रेलरच्या दांड्याचा भार आला की स्प्रिंगांना खाली जायला जागाच नाही, धाडधाड रबरांवर आपटायचं. तरी पोचलो.

येताना. फ्लॅगस्टाफ समुद्रसपाटीपासून सुमारे ६,९०० फुटांवर, खाली कॅम्प व्हर्डी ३,१०० च्या आसपास. मधला महामार्ग सरळ उतरत जातो, सहा टक्क्यांचे लांब उतार. मी गिअर 'डी' मध्ये, एसी चालू, गाणी चालू. पाचेक मैलांनी वास आला. जळक्या ब्रेकचा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. मग पेडल मऊ लागायला लागलं. मग आणखी मऊ. तेलाला उकळी फुटली की पायाखाली ब्रेक नसतो, फेस असतो. मुलगी मागे वळून म्हणाली, "बाबा, धूर कुठून येतोय?"

त्या क्षणी मला इंजिनिअरिंगचं एक सूत्र आठवलं नाही. आठवला लहानपणीचा एसटीचा ड्रायव्हर, खंबाटकीच्या घाटात शेजारी बसलेल्या कंडक्टरला सांगणारा: ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. मी गिअरचा दांडा दोनवर ओढला. इंजिन किंचाळलं, बायको किंचाळली, आणि ट्रक आवरला. हळूहळू वेग उतरला, रुंद कडेला घेतला, उभा राहिला. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर. अर्धा तास कोणी कोणाशी बोललं नाही. ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक असतात, त्यांचं बटण मी इतकं कमी ठेवलं होतं की ते जवळजवळ झोपलेलेच होते. सगळा भार ट्रकवर. दोष कुणाचा? माझाच.

घरी आल्यावर हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. ट्रक आणि ट्रेलर मिळून ८,७०० पाउंड. सहा टक्के चढ ताशी ६० मैलांनी चढायचा, तर वारा आणि घर्षण सोडून नुसत्या चढाला लागतात ८४ हॉर्सपॉवर. हे झालं वर जाताना. तेच खाली येताना उलटं: वाऱ्याने आणि चाकांच्या घर्षणाने खाल्लेली सोडली, तर बाकी सगळी शक्ती कुठेतरी जिरवायची. ८४ हॉर्सपॉवर म्हणजे ६२ किलोवॅट. दोन किलोवॅटचे एकतीस गीझर एकदम चालू केल्यावर होईल तेवढी उष्णता. त्यातली निम्मी जरी धरली, तरी मी ती पन्नास वर्षं जुन्या दोन तबकड्यांत कोंबायला निघालो होतो. चढताना कमी पडलात तर मागचे भोंगे वाजवतात, एवढंच. उतरताना कमी पडलात तर...

कंपन्याही फार वेगळ्या नव्हत्या बरं. ट्रक किती ओढतो हे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवायची आणि जाहिरातीत छापायची. २००८ मध्ये वाहन अभियंत्यांच्या संस्थेने, एसएईने, जे-२८०७ नावाचं मानक प्रसिद्ध केलं. त्यात ट्रेलरसकट शून्य ते साठ मैल तीस सेकंदांच्या आत (म्हणजे पळायचंही आलं!), ब्रेकच्या चाचण्या, आणि एक चढ: अॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा. बुलहेड सिटीहून निघणारा ६८ नंबरचा रस्ता, ११.४ मैल, भर उन्हात, एसी पूर्ण चालू, वेग ४० च्या खाली जाता कामा नये. टोयोटाने २०११ च्या मॉडेलांपासून ते मानलं. अमेरिकेच्या तिन्ही मोठ्या कंपन्या यायला २०१५ उजाडलं. सगळ्यांनी एकाच शर्यतीच्या मैदानात उतरायचं म्हटल्यावर इतकी वर्षं का लागली असतील, ते तुम्हीच ओळखा.

मी पुढचे सहा महिने ट्रक पुन्हा बांधला. या वेळी मागून पुढे. आधी ब्रेक: पुढे मोठ्या तबकड्या, मागेही डिस्क, आणि जोर द्यायला व्हॅक्यूमऐवजी पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा दाब. गिअरबॉक्सच्या तेलाला वेगळा कूलर, मोठा रेडिएटर. मागची उंची परत वाढवली, स्प्रिंगांच्या आत हवेच्या पिशव्या, म्हणजे ट्रेलर लावला की हवा भरायची, काढला की सोडायची. वीस इंची चाकं विकली. सगळ्यात शेवटी कॅमशाफ्ट बदलला, सौम्य घातला. आवाज गेला. हे मात्र अजून जिवाला लागतं.

माझा ट्रक लांब हौद्याचा आहे, १२७ इंच व्हीलबेस. शौकीन मंडळींना ११५ इंचाचा आखूड हवा असतो, इतका की कित्येक जण लांब ट्रकची चासी कापून आखूड करतात. मीही कापायचं ठरवलं होतं. शेजाऱ्यांनी करवत हातात घेऊ दिली नाही. मागे दोन टन डुलत असताना मधलं अंतर जितकं जास्त तितका ट्रक स्थिर, हे त्यांनी आगपेटी आणि चमचा घेऊन ओट्यावर दाखवलं.

रिकामा पळतो का? पळतो. पूर्वीच्यापेक्षा थोडा कमी. सिग्नलला मधूनमधून एखाद्या पोराला गप्प करण्याइतका.

गेल्या ऑगस्टमध्ये शेजारी म्हणाले, "चल, डेव्हिस डॅम." पारा ४२ वर, मागे ट्रेलर, त्यात पाण्याचे कॅन भरून मुद्दाम वजन. एसी पूर्ण. ते शेजारच्या सीटवर, हातात घड्याळ, बोलणं बंद. डोळा तापमानाच्या काट्यावर. काटा मधल्या रेषेच्या जरा वर गेला आणि तिथेच थांबला. वेग ५० च्या खाली एकदाही आला नाही. वर गोल्डन व्हॅलीला वळलो आणि तोच उतार परत धरला, दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रेलरचे ब्रेक जागे ठेवून. खाली येऊन थांबल्यावर ते आधी उतरले, आजोबा बैलाच्या खांद्याला लावायचे तसा पुढच्या चाकाजवळ हात नेला, वाकून वास घेतला.

"कॉफी तू पाजतोस," म्हणाले.